आधी मुक्काम, मग रस्ता: मिरजेहून कास-वाई, कॅम्पर व्हॅननं

ताई, तुम्ही विचारलंय ते मला असं समजलं. घर मिरजेचं. माणसं चार: तुम्ही, मिस्टर, ९ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांचे सासरे, त्यांचे गुडघे दुखतात. होळी ते पाडवा यांच्या मधल्या दिवसांत चार रात्री. कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊन मिस्टर स्वतः चालवणार. ठिकाणं सागरेश्वर, कऱ्हाड, सज्जनगड, ठोसेघर, कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई. शिवाय तीन शंका: कासची फुलं दिसतील का, गाडी कुठंही लावून झोपलं तर चालतं का, आणि मुलीला शेकोटी हवीय ती करता येईल का.

तिन्हींचं उत्तर नाही असंच आहे. तरीही जरूर जा. मी साताऱ्यात गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. गेली चौदा वर्षं टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर झोपायच्या गाड्या बांधतोय आणि त्यातच बायका-पोरांना घेऊन हिंडतोय. आपल्या भागात या गाडीला फाल्गुन-चैत्रासारखे दिवस दुसरे नाहीत. पावसाळ्यात घाटात धुकं, मे महिन्यात पत्रा तापून आत भट्टी. आत्ता मात्र सांगलीत दुपारी घाम निघत असला तरी कासच्या बाजूला रात्री पांघरूण लागतं. फुलांचं म्हणाल तर कासचा बहर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. मार्चमध्ये तिथं कातळ आणि वाळलं गवत. पण त्याच रस्त्याला काटेसावर, पळस, पांगारा लालभडक असतात, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झालेल्या असतात आणि नशिबात असेल तर अंजनीच्या फांद्यांना जांभळे-निळे घोस चिकटलेले दिसतात. मुलीला सांगून ठेवा, कासला गालिचा नाही, झाडं बघायला चाललोय.

आता यादी. चार रात्रींत दहा ठिकाणं म्हणजे गाडीत झोपायचं आणि रस्त्यातच जगायचं. ठोसेघरला मार्चमध्ये पाण्याची जेमतेम धार असते, ते काढा. सज्जनगडाला पायऱ्या आहेत, बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून तेही काढा. उरलेल्यांतून मी फक्त दोन मुक्काम ठेवीन: दोन रात्री बामणोलीच्या अंगाला, दोन रात्री वाईच्या. महाबळेश्वर-पाचगणी होईल, पण व्हॅन घेऊन नाही. ते पुढे सांगतो.

बहुतेकजण रस्ता आधी ठरवतात आणि अंधार पडला की मुक्काम शोधायला लागतात. कारमध्ये ते खपून जातं, कारण शेवटी कुठलं तरी लॉज मिळतंच. सहा मीटर लांबीची, तीन मीटर उंचीची गाडी रात्री आठला अनोळखी वाडीत रिव्हर्स घ्यायची वेळ आली की नवरा मागं बघतो, बायको हात करते, कुत्री भुंकतात आणि सुट्टीचा विचका होतो. म्हणून मुक्कामाच्या दोन जागा फोन करून आधी पक्क्या करा, तारखा त्यांच्या सोयीनं ठेवा आणि रस्ता सगळ्यात शेवटी आखा. दुपारी तीनच्या आत चाकं थांबली पाहिजेत.

कुठंही का नाही? कास, बामणोली, कोयना, चांदोली या सगळ्या पट्ट्यात राखीव जंगल आणि अभयारण्य यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, त्यात कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान दोन्ही येतात. तुम्हाला मोकळं माळरान वाटतं ते वनखात्याचं असतं, नाहीतर कुठल्या तरी गावचं गायरान असतं. कासचा कातळ तर अजिबात नको. त्या सड्यावर मातीच्या पातळ थरात पुढच्या पावसाचे कंद झोपलेले असतात, आणि एका चाकाचा चरा पुढं कित्येक वर्षं दिसतो. कास तलावातून सातारा शहराला पाणी जातं, त्यामुळं तिथं भांडी घासायचा विचारही नको. सोपा मार्ग कृषी पर्यटन केंद्राचा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आणि कॅराव्हॅन पर्यटनाचं २०२१ चं. धोरण कागदावर काहीही असो, उपयोग एवढाच की शेतकऱ्याला आता व्हॅन म्हटलं की काय ते कळतं. फोनवर त्याला चार गोष्टी विचारा: जागा सपाट आहे का, आत यायचा रस्ता किती रुंद आणि वर फांद्या किंवा वायरी किती उंचीवर, पाण्याचा नळ गाडीपर्यंत पाइप पुरेल इतका जवळ आहे का, आणि शौचालय वापरू देणार का. पाचवी गोष्ट तुम्हीच सांगा, की जेवण त्यांच्याकडं घेऊ. मग नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर उतरू नका, हे मात्र मी हात जोडून सांगतो. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, एप्रिल महिना. धरणाचं पाणी मागं सरकलेलं, काठाला ही रुंद मोकळी पट्टी उघडी पडलेली, वरून फरशी घातल्यासारखी सुकून भेगाळलेली. मी खाली उतरून टाचेनं ठोकून पाहिलं, टणक. उड्या मारून पाहिलं, टणक. गाडी घातली आणि पुढचं डावं चाक पापड मोडावा तसं कडकन आत गेलं. खाली राखाडी लोणी. एक्सलेटर दिला तसं मागचंही रुतलं, अगदी हबपर्यंत. म्हशी वळायला आलेली एक मावशी बांधावर उभी राहून म्हणाली, "आवं, तितं म्हस बी जात न्हाय." रात्री नऊला ट्रॅक्टर आला, साखळी लावली, मागचा बंपर वाकला आणि साडेअकराला आम्ही पिठलं खाल्लं. तेव्हापासून गाडीत एक लहान पहार असते. संशय आला की जमिनीत ठोकायची. वीतभर सहज आत गेली तर तिथं चाक घालायचं नाही.

निघायचं कधी? होळीनंतर लगेच नको. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनला बगाडाची जत्रा असते आणि त्या दिवशी तो सगळा भाग माणसांनी फुललेला असतो. बगाड बघायचं तर स्वतंत्र जा, मोटारसायकलवर. व्हॅनसाठी पंचमी झाल्यावर एखादा सोमवार धरा. मुलीची शाळा चार दिवस बुडाली तरी चालेल असं तुम्हीच लिहिलंय, मग शनिवार-रविवारचा हट्ट सोडा.

पहाटे चारला उठून निघायची आपली सवय असते, ती इथं मोडा. उसाचा हंगाम संपत आलेला असतो आणि शेवटच्या दिवसांत कारखान्याची घाई जास्त. मिरज ते पेठ नाका रस्त्यावर अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि बाजूनं हातभर बाहेर आलेला ऊस. नवीन गाडीचा अंदाज नसलेल्या ड्रायव्हरनं तो अंधारात पाहू नये. उजाडल्यावर निघा. पेठ नाक्याला हायवे लागला की कऱ्हाड, तासवड्याचा टोल आणि सातारा, साधारण १३० किलोमीटर. साताऱ्यात नाश्ता करा, पाण्याची टाकी भरू नका, यवतेश्वर घाट चढून कासवरून पुढं उतरा आणि दुपारपर्यंत मुक्कामावर.

टाकी का भरायची नाही? १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. त्यातही टाकी अर्धी असेल तर पाणी वळणाला हिंदकळतं आणि गाडी ओढल्यासारखी वाटते. घाटाखालून पिण्यापुरता एक कॅन घ्या, टाकी मुक्कामावर भरा. चौघांना काटकसरीनं दिवसाला ६० लिटर लागतं, अंघोळ शेतकऱ्याच्या न्हाणीत केली तर निम्म्यात भागतं.

दुसऱ्या दिवशी गाडी हलवायचीच नाही. बामणोलीहून बोटीनं फिरा. मिस्टरांना वासोटा खुणावेल, पण तो अभयारण्यात आहे, बामणोलीला वनखात्याची परवानगी काढावी लागते, संध्याकाळच्या आत परतावं लागतं, मुक्काम करता येत नाही. शिवाय चढ जंगलातला, दमवणारा. बाबा आणि मुलगी बरोबर असताना नुसती बोटीची चक्कर पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत सातारा, तिथून वाई. वाटेत लिंब गावात बारामोटेची विहीर दाखवा, जमिनीखाली महाल बांधावा तशी आहे. गाडी गावाबाहेरच लावा, आतल्या बोळात वळत नाही. वाईजवळ धोम-मेणवलीच्या बाजूला मुक्काम. आणि चौथ्या दिवशी व्हॅन तिथंच ठेवून वाई स्टँडवरून एसटीनं वर जा. पसरणी घाट, पाचगणीतलं पार्किंग, महाबळेश्वरच्या बाजारपेठेतली कोंडी, सगळं ड्रायव्हर काका बघतील. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट, ६५ पूर्ण झाल्यामुळं बाबांना अर्धं, मुलीलाही अर्धं. पूर्ण पैसे एकट्या मिस्टरांचे! स्ट्रॉबेरी एप्रिलपर्यंत मिळते, पण आणलेली पेटी व्हॅनच्या वरच्या कपाटात ठेवू नका. पहिल्याच ब्रेकला दार उघडून ती खाली येते.

व्हॅन ताब्यात घेताना दोन तास काढा. आधी नंबर प्लेट. स्वतः चालवायला भाड्यानं देतात त्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी "आपलीच आहे, घेऊन जा" म्हणून देत असेल तर पैसे वाचवू नका. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. माझ्या एका गिऱ्हाइकानं अशी गाडी घेतली होती, काच फुटली तेव्हा गाडीमालकानं फोन उचलणंच बंद केलं. आरसी बुकात गाडीचा प्रकार मोटार कॅराव्हॅन आहे का तेही पाहा. साध्या प्रवासी गाडीतल्या सीटा काढून बेड ठोकलेला असेल आणि आरटीओत तशी नोंद नसेल तर ती बेकायदा फेरफार ठरते. मिस्टरांच्या लायसनची काळजी नको, हलक्या वाहनाचा परवाना ७५०० किलोपर्यंत चालतो, भाड्याच्या गाडीलाही. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय.

मग टायर. नक्षी बघून फसू नका. या गाड्या वर्षातले आठ महिने उभ्या असतात, त्यामुळं टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर घाटाला नको, कितीही काळाभोर दिसो. स्टेपनीचाही आकडा वाचा, तिथंच गंमत असते.

वीज. एजन्सीवाला एसी दाखवेल, भुलू नका. एसीला एका रात्रीत सहज पाच-सहा युनिट लागतात. गाडीतली १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात अडीच युनिट असतात. फ्रीज दिवसाला साधारण अर्धा युनिट, दोन पंखे रात्रभर अर्धा, दिवे-मोबाइल मिळून थोडंफार. म्हणजे बाहेरून लाईन न घेता दोन दिवस निघतात. बॅटरी जुन्या पद्धतीची, ॲसिडची असेल तर निम्मीच धरा. फ्रीज आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करून घ्या, बॅटरीवर कोमट फ्रीज गार करायला गेलात तर पहिल्याच दिवशी ती बसेल. शेतावर लाईन जोडताना टेस्टरनं अर्थिंग बघा, आणि मोटारी चालू असताना व्होल्टेज पडतं हे लक्षात ठेवा. शेतकरी प्रेमानं म्हणेल, "थांबा, तारेवर आकडाच टाकतो." त्याला चहा पाजा आणि थांबवा.

गॅस ५ किलोच्या छोट्या सिलिंडरचा ठेवा, घरचा मोठा लाल आत घेऊ नका. गाडी हलायच्या आधी रेग्युलेटर बंद, प्रत्येक वेळी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीला साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवं. वाकून बघा आणि ते कुणी कापडानं बुजवलं असेल तर मोकळं करा. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपणं म्हणजे मरण ओढवून घेणं. छताची खिडकी बोटभर आणि बाजूची एक खिडकी रात्रभर उघडी असू द्या. नाहीतर चौघांच्या श्वासानं सकाळी पत्र्यावरून पाणी ठिबकतं.

संडासाबद्दल विचारायला लोक लाजतात आणि मग तिथंच फजिती होते. खाली साधारण २० लिटरची सुटी पेटी असते, चौघांना जेमतेम दोन दिवस पुरते. ती फक्त शौचालयातच ओतायची, ओढ्यात नाही, उसात नाही. दिवसा मुक्कामाचं शौचालय वापरा आणि गाडीतलं रात्री बाबांपुरतं ठेवा. त्यांच्यासाठी एक रुंद, न हलणारा पाट किंवा लोखंडी स्टूल घ्या. व्हॅनची पहिली पायरी उंच असते आणि त्यांच्या गुडघ्यांना ती दिवसातून दहा वेळा सोसायचीय. बेड खालचाच द्या. गाडी चालू असताना मात्र त्यांनी बेडवर पडायचं नाही, मुलीनंही नाही. पुढं तोंड असलेल्या सीटवर, पट्टा लावून.

गाडी लावल्यावर ओट्यावर एक लिंबू ठेवा. ते घरंगळतं तिकडचं चाक खाली आहे. त्या चाकाखाली फळी घालून पुन्हा लिंबू ठेवा. डोकं उताराला येऊन झोपलं की सकाळी दुखतंच, आणि न्हाणीचं पाणी भलत्याच कोपऱ्यात साचतं. उताराच्या बाजूला चाकांना पाचर मारल्याशिवाय हँडब्रेकवर विसंबू नका.

घाटाचं मिस्टरांना एवढंच सांगा: ज्या गिअरवर चढायला लागतं त्याच गिअरवर उतरायचं, बहुतेक दुसऱ्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की तिसऱ्या-चौथ्या वळणाला जळका वास येतो, पुढं पाय दाबला तरी गाडी सरकत राहते. वास आला तर रुंद जागी थांबा, ब्रेक आपोआप गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. अरुंद जागी समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट. आणि मागचा भाग चाकाच्या बराच मागं लोंबत असतो, वळताना तो बाहेरच्या अंगाला झाडतो. यवतेश्वरच्या वळणांना कठड्याजवळचे सेल्फीवाले लक्षात ठेवा.

आता शेकोटी. मार्चमध्ये डोंगरातलं गवत काडेपेटीसारखं असतं. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहेच. पण शेतावरसुद्धा वाऱ्याची एक झुळूक ठिणगी बांधापलीकडं नेते. झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ असेल तर धुरानं तेही उठतं, मग पळायला जागा नसते. मुलीला एक मंद कंदील द्या आणि शेतकऱ्याच्या चुलीवरची भाकरी दाखवा. चुलीपुढं बसली की शेकोटीची आठवण राहत नाही, माझ्या दोन्ही पोरांवर करून पाहिलंय. आणखी एक, हे फार कुणी सांगत नाही. नवीन बीएस-६ डिझेल गाडी सायलेन्सरमधली काजळी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते, तेव्हा खालचा भाग प्रचंड तापतो. वाळल्या गवतावर अशी गाडी उभी केली तर वणव्याला काडी लागत नाही. नांगरलेली किंवा उघडी जमीन बघूनच लावा. आणि कुठं वणवा दिसलाच तर वनखात्याचा १९२६ नंबर फिरवा. बाकी कशालाही ११२, रुग्णवाहिकेला १०८. बामणोलीच्या खोऱ्यात रेंज येते-जाते, म्हणून मुक्कामाच्या माणसाचा नंबर वहीत लिहून घ्या.

दुपारनंतर ढग भरून आले तर छत्रीसारखं उघडलेलं कापड आधी गुंडाळा. वळीव वाऱ्यासकट येतो, दांड्या मोडतो. जुन्या आंब्याखाली गाडी असेल तर बाहेर काढा.

पाचव्या दिवशी परतताना हायवेनं सरळ घरी येऊ नका. कऱ्हाडहून देवराष्ट्र्याकडं वळा, सागरेश्वरला सकाळचा तास-दोन तास थांबा, उन्हं चढायच्या आत. माणसांनी झाडं लावून उभं केलेलं जंगल आहे ते, सांबर, चितळ दिसतात. पुढं तासगावचा रस्ता सपाट, आणि या दिवसांत दोन्हीकडं बेदाण्याची शेड भरलेली. कुठल्याही शेडवर थांबून विचारा, दाखवतात. जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं, वरचे हिरवट, खालचे सोनेरी होत आलेले थर आणि सगळ्या हवेत आंबट-गोड वास. पंधरा-वीस दिवस वाळतात, मध्येच पाऊस आला तर रंग काळवंडतो. त्यामुळं शेडवाल्यापुढं ढगांचं नाव काढू नका.

गाडी परत द्यायच्या आधी घरी थांबून संडासाची पेटी रिकामी करा, धुवा, फ्रीजचं दार उघडं ठेवा आणि मीटर, टायर, चारही कोपरे यांचे फोटो काढा. घेतानाही काढले असतील तर अनामत रकमेवरून वाद होत नाही.